पावसाची वही

तुंगार्लीचे धरण पावसावर भरते. पावसाच्या आकड्यांचा नाद इथे कुणालाही लागावा. मलाही लागला. शाळेतल्या पर्जन्यमापकाची वही घेऊन संगणकावर डॅशबोर्ड, म्हणजे एका नजरेत सारे दाखविणारा फलक, करायला बसलो. वहीतल्या कोऱ्या रकान्यांत शून्य भरले. झाले! दर रविवारी पाऊस सुट्टीवर, अन् सोमवारी दुप्पट! फलक लाल होऊन अतिवृष्टीचा इशारा देऊ लागला.

उलगडा साधा होता. रविवारी शाळा बंद. सोमवारी मोजलेले पाणी दोन दिवसांचे. शून्य म्हणजे मोजले, पण पाऊस नव्हता. कोरे म्हणजे मोजलेच नाही. त्यातून आपल्या घाटात मापकाचे भांडे भरून वाहिले, तर सोमवारचा आकडाही अपुराच.

तारखेचेही असेच. हवामानखाते सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजते आणि मोजल्या दिवसाच्या तारखेस मांडते. म्हणून मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी कोसळलेला ९४४ मिलिमीटर पाऊस २७ तारखेखाली सापडतो.

फलकावर रंग आणि गोल तक्ते मी पुष्कळ घातले होते. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अरे, काल किती पडला, ते कुठं लिहिलंयस?" आता तोच आकडा सर्वांत वर ठेवला आहे, रविवारी मात्र तिथे 'मोजले नाही' असे दिसते.