नदीकांठची चित्रशाळा



कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. एका शाळेंत मी चित्रकला शिकवीत असें. एके दिवशीं मुलांना 'आमच्या गांवची नदी' हा विषय दिला. बहुतेकांनीं दोन त्रिकोणी डोंगर, मध्यें उगवता सूर्य आणि खालीं निळा प्रवाह काढला. पारनेर तालुक्यांतून आलेल्या एका मुलानें मात्र काळाकभिन्न खडक काढून त्यावर लहानमोठीं हिरवट वर्तुळें रंगविलीं होतीं. "अरे, यांत नदी कोठें आहे?" असें विचारून मीं तें चित्र परत केलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. परंतु पुढें वर्षभर त्यानेंही दोन डोंगर आणि सूर्यच काढला.

नंतर एका चैत्रांत निघोजला जाण्याचा योग आला. कुकडीच्या पात्रांत उभा राहिलों, तों त्या मुलाचें चित्रच समोर पसरलेलें! पाणी आटलेलें, काळा खडक उघडा पडलेला आणि त्यांतील रांजणखळग्यांत हिरवें पाणी साचलेलें. मुलानें पाहिलें तेंच काढलें होतें. पाहिलें नव्हतें तें मीं.

हे खळगे कोणा पाथरवटानें कोरलेले नाहींत. पुरांत वाहत आलेले दगडगोटे भोंवऱ्यांत सांपडतात, एकाच जागीं गरगर फिरतात आणि कठीण खडक घांसून काढतात. हा खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. कुंभाराच्या चाकावर माती फिरते. येथें घडविणारें पाणीच फिरतें. शिल्पकलेचा याहून सोपा पहिला धडा कोणता सांगावा?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत अशा चित्रशाळा ठायीं ठायीं आहेत. रेहेकुरीच्या माळावर काळविटांच्या शिंगांचा पीळ पाहावा. भंडारदऱ्यास पावसाळ्यांत हिरव्या रंगाच्या किती छटा आहेत तें मोजावें. साहित्य तरी काय लागतें? गेरू, चुना, कोळसा, नदीकांठची माती आणि गळलेलीं पानें. मुलांनीं आधीं खडकावर हात फिरवावा, मग डोळे भरून पाहावें आणि शेवटीं हातांत कोळसा घ्यावा. मात्र निघोजला शिक्षकांनीं मुलांना खळग्यांच्या कडेपासून दूर ठेवावें आणि नदीला पाणी असतांना पात्रांत मुळींच उतरूं देऊं नये.

ही कल्पना नवी नव्हे. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचें कार्य आरंभिलें आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबत उभ्या राहिल्या. महागड्या साधनांऐवजीं त्यांनीं पानें, बिया, शंखशिंपले मुलांच्या हातीं दिले. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत, असें पाहून पुढें शाळाच कुरणांत नेली, ती 'कुरणशाळा'. त्याच भागांतील वारली स्त्रिया गेरूनें सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहीत आल्या आहेत. रंगपेटीवांचून त्यांचें कांहीं अडलें नाहीं.

"यानें परीक्षेंत गुण वाढतील काय?" असें कोणी पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. चित्रकलेच्या परीक्षेंतही वस्तू पाहूनच काढावी लागते. आणि पाहण्याची संवय पुस्तकांतील नमुना गिरवून लागत नाहीं. परंतु गुणांहून मोठी एक गोष्ट आहे. आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें चुकीचें आणि फळ्यावरचें तेवढें खरें, असें एकदां मुलाच्या मनानें घेतलें, कीं तो पाहणेंच सोडून देतो. ही हानि कोणत्याही गुणपत्रिकेंत दिसत नाहीं.

म्हणून आपणांस एकच विनंति. येत्या रविवारीं मुलांना जवळच्या ओढ्यावर किंवा माळावर न्या. तीं काय काढतात तें पाहा, आणि नदी काळी काढली तर "कोठें पाहिलीस?" एवढेंच विचारा. मीं त्या दिवशीं हा प्रश्न विचारला असता, तर निघोजची नदी मला त्या मुलानेंच दाखविली असती.