घरांतली शाळा

बुलढाणा येथें १८५० सालीं जन्मलेल्या ताराबाई शिंदे यांना शाळा लाभली नाहीं, कारण त्या भागांत मुलींची शाळाच नव्हती. पुण्यास १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा उघडली होती; पण तिचा उपयोग वऱ्हाडांतील मुलीस काय होणार? वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला तो १८५३ सालीं, म्हणजे ताराबाई तीन वर्षांच्या असतांना. नव्या राज्याच्या कचेऱ्या आधीं आल्या, शाळा मागाहून आल्या, आणि मुलींच्या शाळा त्याहूनही मागाहून. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत हेडक्लार्क होते. चार मुलगे आणि एक मुलगी असा त्यांचा संसार. त्या एकुलत्या एका मुलीस त्यांनीं घरींच शिकविलें. आणि तेंही सही करण्यापुरतें नव्हे, तर मराठी, संस्कृत व इंग्रजी अशा तीन भाषा शिकविल्या.

मुलांना घरींच शिकवावें कीं काय, आणि शिकवावयाचें तर कोणत्या पद्धतीनें, असा विचार हल्लीं कांहीं आईबाप गंभीरपणें करूं लागले आहेत. त्यांच्या हातीं पद्धतींचीं अनेक नांवें येतात, आणि प्रत्येक पद्धतीचे भक्त आपलीच पद्धत खरी म्हणून सांगतात. अशा आईबापांनीं बापूजींच्या घराकडे थोडें थांबून पाहावें.

बापूजींपाशीं काय होतें? कचेरीच्या कामामुळें त्यांच्याजवळ इंग्रजी होती. लिहिण्याची आवड होती. 'हिंट टु द एज्युकेटेड नेटिव्ज' या नांवाचें त्यांचें पुस्तक १८७१ सालीं प्रसिद्ध झालें. आणि ते सत्यशोधक विचाराचे होते, म्हणजे पुराणांतील गोष्ट वाचतांना 'हें असेंच कां?' असें विचारण्याची मोकळीक त्या घरांत असली पाहिजे. बापूजींनीं कोणाची पद्धत आणून मुलीवर बसविली असें दिसत नाहीं. जें घरांत होतें, तेंच त्यांनीं मुलीच्या ताटांत वाढलें. लग्न लहानपणींच झालें, पण जांवई सासरच्या घरीं येऊन राहिले. त्यामुळें लेखणी माहेरीं ठेवून सासरीं जाण्याची पाळी ताराबाईंवर आली नाहीं. घरच्या शिक्षणाचा विचार करतांना ही बाब सहसा कोणी मोजीत नाहीं. शिकवणारा चांगला असून भागत नाहीं. शिकलेलें टिकेल अशी घराची मांडणीही लागते.

या शिक्षणाचें फळ १८८२ सालीं दिसलें. त्याच्या आदल्या वर्षीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण विधवेस बालहत्येच्या आरोपाखालीं फांशीची शिक्षा झाली, व पुढें ती काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आली. त्या निमित्तानें 'पुणे वैभव' पत्रानें एकंदर स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतलें. बुलढाण्याच्या घरांत बसलेल्या ताराबाईंनीं त्यास 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक लिहून उत्तर दिलें. तें पुण्यास छापलें गेलें. स्त्रियांच्या माथीं जे दोष मारले जातात ते पुरुषांतच अधिक नाहींत काय, असा सरळ सवाल त्यांत आहे. पुराणांतल्या कथा, वर्तमानपत्रांतल्या बातम्या, त्या काळीं नव्यानें छापल्या जाणाऱ्या नाटक-कादंबऱ्या, आणि वऱ्हाडांतल्या बायकांची तिखट बोली, हीं सारीं एकाच पानावर भेटतात. क्रमिक पुस्तकें घोटून ही भाषा येत नसते. ज्या घरांत पोथीही वाचली जाते, वर्तमानपत्रही येतें आणि ओट्यावरचें बोलणेंही कानांवर पडतें, त्या घराची ती भाषा आहे.

येथवरची हकीकत ऐकून कोणीही आईबाप हुरळून जातील. पण पुढची गोष्टही ऐकली पाहिजे. जोतीराव फुले यांनीं १८८५ च्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकांत ताराबाईंची बाजू घेतली, हें खरें. तेवढें सोडल्यास पुस्तकाचें स्वागत फारसें झालें नाहीं. ताराबाईंनीं त्यानंतर दुसरें पुस्तक प्रसिद्ध केलें नाहीं. त्या १९१० च्या सुमारास वारल्या, आणि पुस्तक विसरलें गेलें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां छापून काढीपर्यंत मराठी वाचकांस त्याचा पत्ताही नव्हता. ताराबाई गप्प कां झाल्या, याचें एकच एक कारण सांगणें धाडसाचें होईल. इतकें मात्र दिसतें कीं, ज्या भिंतींनीं त्यांना शिकविलें त्याच भिंतींनीं त्यांना कोंडूनही ठेविलें. बरोबरीच्या मैत्रिणी नाहींत, वाद घालावयास सोबती नाहीं, लिहिलेलें वाचून 'पुढें लिही' म्हणणारें मंडळ नाहीं. पुस्तकाच्या प्रस्तावनेंतही त्यांनीं मराठ्यांच्या घरांतील या कोंडमाऱ्याचा उल्लेख केला आहे.

त्याच काळांतलीं दुसरीं घरें पाहिलीं म्हणजे घरागणिक पद्धत कशी बदलते तें अधिक कळतें. पंडिता रमाबाई यांचें घर तर एका जागीं नव्हतेंच. अनंतशास्त्री डोंगरे हे कुटुंब घेऊन तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत फिरत. वडील वृद्ध झालेले. म्हणून रमाबाईंना संस्कृत मुख्यतः आई लक्ष्मीबाई यांनीं शिकविलें, आणि तीं वडिलांचीच शिष्या. चालतें घर, म्हणून तोंडपाठाची विद्या. पाठांतर ओझें होत नाहीं, तें गाठोड्यांत बांधावें लागत नाहीं. ती विद्या इतकी पक्की कीं १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्या वीस वर्षांच्या मुलीस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. परंतु तिच्याआधीं दुष्काळानें आईबाप व बहीण हिरावून नेलीं होतीं, आणि त्या दिवसांत पोट भरण्यास उपयोगी पडेल असें कांहींच या मुलांना शिकविलेलें नव्हतें. संस्कृत व धर्मग्रंथ यांखेरीज इतर विद्येचा वारा आईबापांनीं लागूं दिला नाहीं, असें रमाबाईंनींच पुढें लिहून ठेविलें आहे.

न्यायमूर्ति रानडे यांच्या घरचा प्रकार निराळा. १८७३ सालीं लग्न होऊन आलेल्या, अक्षरशत्रु असलेल्या रमाबाईंना पतीनेंच शिकविलें. तेथें अडचण शिक्षकाची नव्हती, घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांची होती. दिवसभर टोमणे सोसावे आणि सवडीच्या वेळीं धडा घ्यावा, असें वर्षानुवर्षें चाललें. घरांतील एक माणूस शिकविण्यास तयार झालें म्हणजे घर तयार झालें असें होत नाहीं.

गांधीजींनीं दक्षिण आफ्रिकेंत आपल्या मुलांना शाळेंत न घालतां स्वतः शिकविण्याचा प्रयत्न केला. जोहान्सबर्गला घरापासून कचेरीपर्यंत पायीं जातां-येतां संभाषणांतून धडे चालत. मध्येंच कोणी काम घेऊन भेटला म्हणजे धडा तुटे. रोजचा एक तास जरी नियमानें देतां आला असता, तरी मुलांचें अधिक चांगलें झालें असतें, असें त्यांनीं आत्मकथेंत मोकळेपणीं म्हटलें आहे, आणि मुलांची याबद्दल तक्रार होती हेंही लपविलेलें नाहीं. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत ज्यांनीं नव्या तालमीचा विचार देशापुढें मांडला, त्यांच्या घरीं एक तास निघाला नाहीं! तासाचा हिशेब हा तत्त्वाच्या आधीं करावा लागतो.

आतां आजच्या बुलढाणा जिल्ह्यांत यावें. चिखलीच्या बाजारांत दुकान असलेलें एक घर आणि मेहकराकडे कपाशी-सोयाबीनची शेती असलेलें दुसरें घर, दोघांनींही मूल घरीं शिकविण्याचें ठरविलें असें समजा. पुष्कळदां पहिली गोष्ट घडते ती अशी: भिंतीवर वेळापत्रक लागतें, साडेदहाला गणित, सव्वाअकराला इंग्रजी, आणि आई घंटा वाजविते. पंधरा दिवसांत आईही थकते आणि मूलही. शाळेचें वेळापत्रक चाळीस मुलांना एका मास्तरांनीं सांभाळावयाचें असतें म्हणून तसें आखलेलें असतें; एकट्या मुलास त्याची गरजच नसते. दुकानाच्या घरांत सकाळची गर्दी ओसरल्यावरचा दीड तास मोकळा असेल, तर तोच खरा वर्ग. तेथें वजनमाप, नफातोटा, उधारीची वही हें गणित रोज समोर घडतें. उणीव असते ती निवांत वाचनाची, आणि ती मुद्दाम भरून काढावी लागते. शेतकऱ्याच्या घरीं याउलट. कापूस वेंचणीच्या आठवड्यांत पुस्तक उघडेलच अशी आशा धरूं नये. पण उन्हाळ्यांतले दोन महिने, जेव्हां शाळा बंद असतात, तेव्हां या घरास मोकळीक असते. वर्षाची आखणी हंगामाप्रमाणें करण्याची मुभा हाच तर घरच्या शिक्षणाचा लाभ.

विषयही जवळच सांपडतात. जळगांव जामोद तालुक्यांत भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळीं शेतांत धान्यांची घटमांडणी करतात, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे तिच्यावरून कोणत्या महिन्यांत पाऊस कसा होईल, कोणतें पीक साधेल, याचें भाकीत सांगतात. तें भाकीत दरवर्षीं वर्तमानपत्रांत येतें. मुलानें तें वहींत उतरून घ्यावें. अंगणांत सरळ कडांचें एक भांडें ठेवून चारही महिने रोज सकाळीं ठराविक वेळीं पट्टीनें पाणी मोजावें, मिलिमीटरांत लिहावें, आणि दिवाळीला दोन्ही वह्या शेजारीं ठेवाव्या. सरासरी, आलेख, टक्केवारी हें सगळें त्या एका कामांत येतें. भाकितावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, हें वडिलांनीं आधीं सांगून टाकूं नये, वही सांगेल. लोणारचें सरोवरही असेंच. बेसाल्ट खडकांत अशनीच्या आघातानें झालेलें हें विवर सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें आहे. जून २०२० मध्यें त्याचें पाणी गुलाबी झालें, तें क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळें. तेथलें पाणी अल्कधर्मी असतें म्हणजे काय, हें समजण्यास तें भरून आणण्याची गरज नाहीं, आणि अभयारण्यांतून कांहीं उचलूंही नये. घरीं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत चिमूटभर हळद टाकली कीं रंग तांबडा होतो, तेवढ्यानें धडा सुरू होतो. (हळदीचा डाग लागलेला सदरा साबणानें लाल कां होतो, हा प्रश्न घरोघर पडतो; उत्तर मात्र कचितच कोणी देतो.)

मुलीच्या बाबतींत मात्र एक प्रश्न आईबापांनीं स्वतःस निष्ठुरपणें विचारावा. शाळा लांब आहे, रस्ता ओसाड आहे, धाकट्या भावंडास सांभाळावयाचें आहे, म्हणून तिला घरीं ठेवून त्यास 'घरचें शिक्षण' असें गोड नांव दिलें जात नाहीं ना? मुलगा शाळेंत आणि मुलगी घरीं, अशी वांटणी ज्या घरांत होते तेथें पद्धतीची चर्चा करण्यांत अर्थ नाहीं. बापूजी शिंद्यांच्या मुलीपुढें दुसरा मार्ग नव्हता; आज तो आहे. आणि जेथें खरोखर विचारपूर्वक घरीं शिकविलें जातें, तेथें आठवड्यांतून निदान दोनदां तरी मुलीस घराबाहेरचे गुरु आणि बरोबरीचे सोबती मिळाले पाहिजेत: गांवचें वाचनालय, गाण्याचा वर्ग, मैदान, शेजारच्या गांवीं असेंच शिकणारें दुसरें मूल.

कायद्याची बाजू थोडक्यांत. २००९ चा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क त्यानें दिला. घरीं शिकविणाऱ्या कुटुंबांविषयीं त्यांत वेगळी तरतूद नाहीं. पण शाळेबाहेर राहिलेल्या मुलास त्याच्या वयाच्या वर्गांत प्रवेश मिळण्याचा हक्क त्यांत आहे. त्यामुळें वर्षभर करून पाहिलेला प्रयोग जमला नाहीं, तर परतीचा रस्ता बंद होत नाहीं. हट्टानें तो ओढीत नेण्याचें कारण नाहीं. एकाच घरांत थोरला मुलगा घरीं रमतो आणि धाकटी शाळेसाठीं रडते, असेंही होतें, आणि दोघांचेंही ऐकावें.

परीक्षेची सोय आहे. १९८९ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था माध्यमिक परीक्षा वर्षांतून दोनदां घेते, आणि वयाचीं चौदा वर्षें पुरीं झालेल्यांस ती देतां येते. विषय निवडण्यासही तेथें मोकळीक असते. राज्य मंडळाच्या दहावीस खाजगी विद्यार्थी म्हणून बसावयाचें तर सतरा नंबरचा अर्ज भरावा लागतो, व त्याची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधीं संपते. ती तारीख चुकली कीं वर्ष गेलें. वडिलांनीं तारखेवर लक्ष ठेवावें. अर्ज मात्र मुलानें किंवा मुलीनें स्वतःच्या हातानें भरावा. विषय कोणते घ्यावयाचे, हें त्या घरांत तोंपर्यंत तिला विचारलें गेलेलें असावें.