शिवराई घासू नका

मी बंगळूरहून बोलतोय. आयुष्य फौजेत गेलं. फौजेनं एक सवय लावली: पितळ-तांबं दिसलं की चकाकवायचं. त्या सवयीनं माझं जे नुकसान केलं, ते आज सांगतो.

आमच्या आजीच्या देवघरात तांब्याची एक शिवराई होती. आजी गेल्यावर वडिलांनी ती माझ्या हातावर ठेवली. मी तेव्हा नुकताच कॅप्टन झालेला. नाणं काळं पडलं होतं. बक्कल घासायचं पॉलिश घेतलं आणि अर्धा तास घासलं. नाणं लखलखलं. मी काय केलं, हे मला वीस वर्षांनी कळलं.

1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांच्या नावाची नाणी निघाली: सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. आजूबाजूला फार्सी लेखांची नाणी चालत असताना हे नाणं देवनागरीत बोललं.

पण प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते, बरं का! पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही तोच लेख चालू राहिला. ठसे हातानं कोरलेले, टांकसाळी अनेक. म्हणून कुठे ‘शिव’, कुठे ‘शीव’, कुठे ‘सिव’. कुठे ‘पति’, कुठे ‘पती’. शेवटच्या काळात अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा आल्या, ती दुदांडी शिवराई. संग्राहक नाण्याचा काळ ठरवतो तो अक्षरांचं वळण, ठिपके आणि वजन यांवरून. जुनी शिवराई साधारण 11 ते 13 ग्रॅम भरते.

हा नाद फक्त आपलाच नाही. अमेरिकेचा तांब्याचा सेंट 1793 मध्ये निघाला. त्यावर कड्यांची साखळी होती. स्वतंत्र देशाच्या नाण्यावर साखळी कशाला, म्हणून टीका झाली आणि त्याच वर्षी साखळी जाऊन पानांची माळ आली. तिथले संग्राहकही एकेका ठशाचा फरक भिंगातून शोधतात.

आता माझ्या शिवराईकडे या. ठिपके गेलेत. ‘राजा’ दिसतं, पण त्याखाली ‘शिव’ होतं की ‘सिव’, सांगता येत नाही. काळा थर म्हणजे मळ नव्हता, तांब्याचं कवच होतं. ते मी काढलं आणि सोबत अक्षरंही गेली. आजीकडे ते कुठून आलं, हेही कधी विचारलं नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. जुनं नाणं चिंचेनं, राखेनं, पॉलिशनं घासू नका. कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर वजन, कुणाकडून मिळालं आणि कधी, हे लिहा. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं; ते परदेशी नेता येत नाही. मुलं अमेरिकेत असतील तर हे त्यांना आधीच सांगा.

आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर आज संध्याकाळीच विचारा: हे नाणं आपल्याकडे आलं कुठून? मी विचारायला उशीर केला. तुम्ही करू नका.

जय हिंद.