सावधान आणि विश्राम यांच्या मधे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'चाळिशीनंतरचं आरोग्य' या विषयावर बोलशील का, असं संयोजकांनी विचारलं तेव्हा मी आधीच सांगितलं, की मी डॉक्टर नाही. मी प्रोग्रॅम लिहिते. पण रोज नऊ-दहा तास खुर्चीत बसण्याचा वीस वर्षांचा अनुभव माझ्याकडे आहे! त्याच अधिकाराने आज उभं राहण्याबद्दल बोलते.

एक्केचाळिसाव्या वर्षी माझी मान धरली. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, माउस धरवेना. औषधं झाली, फिजिओथेरपी झाली, दुखणं आटोक्यात आलं. डॉक्टर म्हणाले, "आता पुढचं तुमच्या बसण्या-उभं राहण्यावर आहे." माझं पोट बोटांवरच चालत असल्यामुळे मी ते मनावर घेतलं. त्याच सुमारास आमच्या टीममधल्या एका चिनी सहकारी मैत्रिणीने मला 'झान झुआंग' शिकवलं. झान म्हणजे उभं राहणं, झुआंग म्हणजे जमिनीत रोवलेला खांब.

चीनमधल्या युद्धकलांच्या शिक्षणात हा सराव जुनाच आहे. वांग श्यांगचाई (1885–1963) या गुरूंनी त्याला आपल्या 'यीच्वान' पद्धतीचा पाया केलं आणि पुढे बीजिंगमध्ये तो लोकांना आरोग्यासाठीही शिकवला. आज तिथल्या बागांमध्ये सकाळी झाडाखाली निश्चल उभी असलेली माणसं दिसतात.

आता कृती. पाय खांद्यांइतके लांब, पावलं समांतर. गुडघे किंचित सैल, जणू उंच स्टुलावर टेकतोय. डोकं वरून दोरीने टांगल्यासारखं, हनुवटी जराशी आत. खांदे खाली सोडलेले. सुरुवातीला हात बाजूला लोंबते ठेवा. पुढे सवय झाली की छातीसमोर मोठं झाड कवेत घेतल्यासारखे धरा, कोपरं मात्र खांद्यांपेक्षा खाली. श्वास आपोआप चालू द्या. एवढंच.

"यात काय व्यायाम?" असं वाटेल. तीन मिनिटांनी मांड्या थरथरायला लागल्या, की उत्तर मिळतं!

शाळेत आपण दोनच प्रकार शिकलो: सावधान आणि विश्राम. चांगली ठेवण म्हणजे सावधान, छाती पुढे, पोट आत, अशी आपली समजूत. पण तसं दहा मिनिटंही राहवत नाही. मग आपण एका पायावर भार टाकून, खांदे पाडून उभे राहतो. झान झुआंग या दोन्हींच्या मधलं आहे. शरीर उभं ठेवायला लागेल तेवढाच जोर, बाकीचा सोडून द्यायचा. आणि नको असलेला जोर कुठे लागतोय, हे स्थिर उभं राहिल्यावरच कळतं. माझे खांदे दिवसभर कानांकडे चढलेले असतात, याचा पत्ता मला तिथेच लागला.

माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. कान खांद्यांच्या रेषेत असले की तो भार मणके सहज पेलतात. 2014 मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी गणिती प्रारूप मांडून दाखवलं, की मान 60 अंश झुकली तर मानेवर येणारा भार सुमारे 27 किलोपर्यंत जातो. मोबाईल पाहताना आपली मान कशी असते, ते आता आजूबाजूला बघा. (बघितलंत? सगळ्यांनी माना वर केल्या!)

दुसरा फायदा तोलाचा. निश्चल उभा माणूस खरं तर सतत सूक्ष्म डोलत असतो. डोळे, कानाच्या आतलं इंद्रिय आणि तळपाय मेंदूला खबर देतात, स्नायू क्षणोक्षणी दुरुस्ती करतात. माझ्या भाषेत हे फीडबॅक लूप. ताई ची करणाऱ्या वृद्धांमध्ये पडण्याचं प्रमाण कमी होतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. नुसत्या उभं राहण्यालाही तेच श्रेय मी देणार नाही, पण ताई चीचा पाया हाच आहे. आपल्या वयाच्या सगळ्यांच्या घरी आई-वडील किंवा सासू-सासरे आहेत. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं की घर कसं बदलतं, ते वेगळं सांगायला नको.

काही पथ्यं. पंधरा ऑगस्टच्या रांगेत कुणीतरी चक्कर येऊन पडायचंच, आठवतं? ताठ, न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, कारण ते वर ढकलणारे पोटरीचे स्नायू काम करत नाहीत. म्हणून गुडघे कधीही ताठ अडकवू नका. चक्कर वाटली तर लगेच बसा. रक्तदाब, गुडघेदुखी, पायांच्या फुगलेल्या शिरा असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आमच्या सर-बाईंनी समोर खुर्चीची पाठ धरायला हाताशी ठेवावी. आणि यामुळे साखर उतरते, गोळ्या सुटतात, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मी रोज पंधरा मिनिटं उभी राहते. कामाचा ताण असला की मान अजूनही कुरकुरते, पण मुंग्या परत आल्या नाहीत. यात फिजिओथेरपीचा वाटा किती आणि उभं राहण्याचा किती, हे मला वेगळं करता येणार नाही.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी एक युक्ती: दूध तापत ठेवलं की तिथेच उभे राहा. दूधही उतू जाणार नाही. तीन मिनिटांपासून सुरुवात करा. पुढच्या मेळाव्याला सगळे आपापल्या पायांवर, ताठ मानेने भेटू या.