क्वार्टरबॅकची जागा



१९७८ सालच्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे 'रोझ बोल'चा सामना झाला. अमेरिकेतल्या विद्यापीठीय फुटबॉलमधला हा सर्वांत जुना आणि मानाचा सामना. वॉशिंग्टन विद्यापीठाने मिशिगनला २७-२० असे हरवले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला वॉशिंग्टनच्या क्वार्टरबॅकला, वॉरन मूनला. काही महिन्यांनी व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडणार होते. बारा फेऱ्यांत तीनशेहून अधिक नावे पुकारली जायची होती. पण क्वार्टरबॅक म्हणून आपले नाव वरच्या फेऱ्यांत येणार नाही, हे मूनला आधीच कळून चुकले होते. दुसऱ्या जागेवर खेळायला तो तयार झाला असता तर गोष्ट वेगळी. तो झाला नाही. निवडीचा दिवस उजाडण्यापूर्वीच त्याने कॅनडातल्या एडमंटन संघाशी करार केला. त्या संघाने पुढची पाच वर्षे ओळीने तिथला ग्रे कप जिंकला. मग अमेरिकेतल्या संघांना जाग आली. १९८४ मध्ये मून ह्यूस्टनला आला आणि २००६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याला स्थान मिळाले. मून कृष्णवर्णीय आहे.

इथे थोडे थांबून खेळ समजून घेऊ. कोल्हापुरात पेठापेठांतून ज्यासाठी ईर्ष्या लागते तो फुटबॉल हा नव्हे. यात चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचे असते किंवा फेकायचा असतो, आणि प्रत्येक डाव आधी ठरवून, आखून खेळला जातो. चेंडू पहिल्यांदा येतो तो क्वार्टरबॅकच्या हातात. समोरचे बचावपटू कसे उभे आहेत हे पाहून काही सेकंदांत काय करायचे ते तो ठरवतो. क्रिकेटमधला कर्णधार आणि सलामीचा फलंदाज एकाच माणसात घातले, तर साधारण तसा हा माणूस. संघ जिंकला की त्याचे नाव, हरला की त्याचेच नाव.

या जागेला डोके लागते, नेतृत्व लागते, असे प्रशिक्षक सांगत. ते खरेच आहे. मात्र कित्येक दशके या वाक्याचा न बोललेला उत्तरार्ध असा होता की, म्हणून इथे गोरा मुलगाच हवा. काळ्या मुलाचे पाय वेगवान. त्याने पळावे, चेंडू झेलावा, बचाव करावा. शाळेत क्वार्टरबॅक म्हणून मैदान गाजवणाऱ्या मुलाला विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळे ती जागा बदलण्याच्या बोलीवर. मूनचेही तेच झाले होते. लॉस एंजेलिसच्या या मुलाला अनेक विद्यापीठांनी दुसऱ्या जागेवर बोलावले. त्याऐवजी तो आधी एका दोन वर्षांच्या छोट्या महाविद्यालयात गेला, तिथे क्वार्टरबॅक म्हणून खेळून दाखवले आणि मगच वॉशिंग्टनला पोचला.

त्याच्या आधी सँडी स्टीव्हन्सची वाट याहून खडतर होती. पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउनचा हा खेळाडू. मिनेसोटा विद्यापीठाने त्याच्या नेतृत्वाखाली १९६० चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. बड्या विद्यापीठातून 'ऑल अमेरिकन' म्हणजे देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूंच्या संघात निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. १९६२ मध्ये क्लीव्हलंड आणि न्यूयॉर्क अशा दोन व्यावसायिक संघांनी त्याची निवड केली. क्वार्टरबॅक म्हणून खेळवायची दोघांचीही तयारी नव्हती. तोही कॅनडाला गेला, मॉन्ट्रियलला. कॅनडाच्या लीगचे या माणसांवर उपकार आहेत खरे, पण त्यातले निम्मे श्रेय अमेरिकेच्या हट्टाला द्यायला हवे.

मार्लिन ब्रिस्को मात्र हुशार निघाला. १९६८ मध्ये डेन्व्हर संघाने त्याला बचावपटू म्हणून निवडले, तेव्हा त्याने अट घातली: क्वार्टरबॅक म्हणून तीन दिवसांची चाचणी घ्या, तीही लोकांसमोर आणि पत्रकारांसमोर. हंगामात संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला, तेव्हा त्या चाचणीची आठवण निघाली आणि ब्रिस्को मैदानात उतरला. पहिल्याच वर्षी त्याच्या फेकींवर १४ टचडाउन झाले, म्हणजे चेंडू चौदा वेळा प्रतिस्पर्ध्याच्या गोलपट्टीत पोचला. पुढच्या वर्षी त्याला त्या जागेसाठी स्पर्धासुद्धा करू दिली नाही. बफेलोला जाऊन तो चेंडू झेलणारा झाला, आणि त्यातही इतका निष्णात की १९७२ मध्ये एकही सामना न हरलेल्या मायामीच्या संघात तो होता.

दक्षिणेकडच्या राज्यांत तर प्रश्न जागेच्याही आधीचा होता. तिथल्या मोठ्या विद्यापीठांत काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता, मग संघात कुठून असणार? प्रवेश खुला झाल्यावरही क्वार्टरबॅकची जागा मात्र बंदच राहिली. अलाबामातल्या हंट्सव्हिलचा कॉन्ड्रेज हॉलोवे बेसबॉलही उत्तम खेळायचा. १९७१ मध्ये मॉन्ट्रियलच्या बेसबॉल संघाने त्याला देशभरातून चौथ्या क्रमांकावर निवडले. मुलगा अल्पवयीन, त्यामुळे सही आईची लागणार. आई म्हणाली, आधी कॉलेज. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट म्हणजे त्या राज्यातले दैवत. हॉलोवेने पुढे अनेकदा सांगितले आहे की, अलाबामा अजून काळ्या क्वार्टरबॅकसाठी तयार नाही, असे ब्रायंट यांनी त्याला तोंडावर सांगितले. त्या स्पष्टपणाबद्दल हॉलोवेच्या मनात रागाऐवजी आदरच राहिला. तो शेजारच्या टेनेसी विद्यापीठात गेला आणि १९७२ मध्ये दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या बड्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक झाला. १९७५ मध्ये व्यावसायिक संघाने त्याला निवडले ते बचावपटू म्हणून. पुढची वाट श्रोत्यांनी ओळखलीच असेल: कॅनडा.

ज्यांना दारे बंद होती त्यांच्यासाठी कृष्णवर्णीयांची स्वतःची विद्यापीठे होती. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंगचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी जेम्स हॅरिस या क्वार्टरबॅकला घडवले आणि नंतर डग विल्यम्सला. विल्यम्सने ३१ जानेवारी १९८८ रोजी सुपर बोलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याच्या, दुसऱ्या एकाच सत्रात चार टचडाउन फेकले. त्याच्या राजधानी वॉशिंग्टनच्या संघाने डेन्व्हरला ४२-१० असे लोळवले आणि त्यानंतर क्वार्टरबॅकच्या बुद्धीचा मुद्दा उघडपणे काढणे अवघड झाले. बंद झाला नाही. मिसिसिपीचा स्टीव्ह मॅकनेर नव्वदच्या दशकात आल्कॉर्न स्टेट या छोट्या विद्यापीठात गेला तो एवढ्यासाठी की, बड्या विद्यापीठांना तो दुसऱ्या जागांवर हवा होता. १९९५ मध्ये व्यावसायिक निवडीत तो देशात तिसरा आला.

लमार जॅक्सनची गोष्ट तर अगदी अलीकडची. फ्लॉरिडातल्या या मुलाची आई फेलिशिया जोन्स विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना एकच प्रश्न विचारायची: क्वार्टरबॅक म्हणूनच खेळवणार ना? लुइव्हिल विद्यापीठाने तसा शब्द दिला आणि तो पाळला. २०१६ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूची हाइजमन ट्रॉफी जॅक्सनने जिंकली. असे असूनही २०१८ च्या निवडीआधी बिल पोलियन यांच्यासारखे जाणते माजी व्यवस्थापक म्हणाले की त्याने चेंडू झेलायची जागा घ्यावी. चार क्वार्टरबॅक त्याच्या आधी निवडले गेले. तो ३२ वा. २०१९ मध्ये व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ५० पैकी ५० मते त्याला पडली. पोलियन यांनी आपले चुकल्याचे कबूल केले, हेही नोंदवायला हवे.

आता वळू स्थलांतराकडे, म्हणजे खेळाडूने एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जाण्याकडे. पूर्वीचा नियम असा की, विद्यापीठ बदलले तर एक वर्ष बाकावर बसायचे. शिवाय कोणत्या विद्यापीठांत जायचे नाही, हे जुना प्रशिक्षक सांगू शके. प्रशिक्षकाला स्वतःला मात्र असले काही बंधन नव्हते. तो हंगाम संपता संपता दुप्पट पगारावर निघून जाई. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झाले: खेळाडूने त्यात नाव घालावे, ज्याला हवा असेल त्याने संपर्क साधावा. २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली. २०२४ मध्ये न्यायालयाच्या रेट्यामुळे 'एकदा' ही मर्यादाही गेली.

जेलन हर्ट्सने हा बदल आपल्या अंगावर अनुभवला. टेक्ससमधल्या शाळेत वडीलच त्याचे प्रशिक्षक. २०१६ मध्ये अलाबामा विद्यापीठात, म्हणजे हॉलोवेला जिथे नकार मिळाला तिथेच, तो पहिल्या वर्षापासून क्वार्टरबॅक झाला. ८ जानेवारी २०१८ रोजी राष्ट्रीय अंतिम सामन्यात मध्यंतराला अलाबामा ०-१३ असे मागे होते. प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला बसवून तुआ टागोव्हायलोआला उतरवले, आणि संघ जिंकला. कोट्यवधी लोकांदेखत हे घडले. हर्ट्स रुसून गेला नाही. तो वर्षभर राखीव म्हणून राहिला, पदवी पूर्ण केली. त्याच वर्षी १ डिसेंबरला त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, जॉर्जियाविरुद्ध, टागोव्हायलोआ जखमी झाला. शेवटच्या सत्रात सात गुणांनी मागे असलेला संघ हर्ट्सच्या हाती आला. एक टचडाउन त्याने फेकून केले, दुसरे स्वतः पळत जाऊन. ३५-२८. मग तो पदवीधर म्हणून ओक्लाहोमाला गेला, हाइजमनच्या मतदानात दुसरा आला, आणि व्यावसायिक निवडीत ५३ वा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुपर बोलला प्रथमच दोन्हीकडचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते: पॅट्रिक महोम्स आणि हर्ट्स. त्या दिवशी महोम्स जिंकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोघे पुन्हा समोरासमोर आले, हर्ट्सच्या फिलाडेल्फियाने ४०-२२ असा विजय मिळवला आणि सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

हर्ट्सचे नाव सगळे आदराने घेतात. तो राहिला म्हणून घेतात, हे जरा खटकते. जे राहिले नाहीत त्यांचीही कारणे ऐकायला हवीत. जस्टिन फील्ड्स जॉर्जिया विद्यापीठात राखीव क्वार्टरबॅक होता. २०१८ मध्ये एका सामन्यात प्रेक्षकांतून त्याला उद्देशून वर्णद्वेषी शिवी दिली गेली, आणि शिवी देणारा त्याच विद्यापीठाचा बेसबॉलपटू निघाला. त्याला बेसबॉल संघातून काढण्यात आले. फील्ड्स ओहायो स्टेटला गेला आणि वर्षभर बसण्याच्या अटीतून त्याला सूट मिळाली.

आणि कॅम वॉर्ड. टेक्ससमधल्या वेस्ट कोलंबिया गावच्या शाळेत तो खेळायचा, पण त्या शाळेची पद्धत पळण्यावर भर देणारी, त्यामुळे चेंडू फेकण्याची संधी फारशी नाही. भरतीच्या यादीत विद्यार्थ्यांना तारे देतात, पाच तारे म्हणजे रत्न. वॉर्डला एकही तारा नव्हता. सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठाने त्याला घेतले. तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी. मायामीत २०२४ च्या हंगामात त्याच्या फेकींवर ३९ टचडाउन झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये व्यावसायिक निवडीत टेनेसीने सर्वांत पहिले नाव पुकारले ते त्याचे. जुन्या नियमांत हा मुलगा कदाचित इन्कार्नेट वर्डमध्येच राहून गेला असता. 'आजकालच्या पोरांना निष्ठा नाही' म्हणणाऱ्यांनी वॉर्डकडे एकदा पाहावे. त्यांनी प्रशिक्षक लिंकन रायलींकडेही पाहावे. २०२१ च्या नोव्हेंबरात ते ओक्लाहोमा सोडून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स काही आठवड्यांनी त्यांच्यामागे गेला, तेव्हा टीका विल्यम्सच्याही पदरी पडली. पुढच्याच वर्षी त्याने हाइजमन जिंकली.

पैशाचे काय? २०१० मध्ये ऑबर्नच्या कॅम न्यूटनच्या वडिलांनी दुसऱ्या एका विद्यापीठाकडे पैसे मागितल्याचे उघड झाले, तेव्हा केवढा गहजब झाला. मुलाला माहीत नव्हते असे ठरले म्हणून तो खेळू शकला. जुलै २०२१ पासून खेळाडूला आपले नाव आणि चेहरा वापरू देण्याचे पैसे उघडपणे घेता येतात. २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा होती. म्हणजे काल ज्याला भ्रष्टाचार म्हणत होते, त्याला आज अंदाजपत्रकात रकाना आहे.

पण रकान्यातला पैसा हातात पडतोच असे नाही. कॅलिफोर्नियाच्या जेडन रशाडाशी २०२२ मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठाच्या पाठीराख्यांच्या संस्थेने १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार केला. काही आठवड्यांत तो मोडला. फसवणूक झाल्याचा दावा करत रशाडाने २०२४ मध्ये फ्लॉरिडाच्या मुख्य प्रशिक्षकांवर खटला भरला. दरम्यान तो ॲरिझोना स्टेट, मग जॉर्जिया, मग सॅक्रॅमेंटो स्टेट असा फिरत राहिला. पोर्टलमध्ये नाव घातलेल्या हरेकाला दुसरीकडे शिष्यवृत्ती मिळतेच असेही नाही. नाव घातले की जुने विद्यापीठ हात झटकू शकते. विद्यापीठीय फुटबॉलच्या वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंत जवळजवळ निम्मे कृष्णवर्णीय आहेत, मुख्य प्रशिक्षक मात्र बहुसंख्येने गोरे. मोकळीक मिळाली, संरक्षण मिळाले नाही, असे आजचे चित्र आहे.

ते संरक्षण मागायचा एक प्रयत्न झाला होता, आणि तोही एका क्वार्टरबॅकने केला होता. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केन कोल्टरने जानेवारी २०१४ मध्ये खेळाडूंची संघटना उभारण्याची मागणी पुढे केली. मार्चमध्ये केंद्र सरकारच्या श्रम मंडळाच्या शिकागोतल्या अधिकाऱ्याने निकाल दिला की हे खेळाडू विद्यापीठाचे कर्मचारीच आहेत. एप्रिलमध्ये खेळाडूंनी गुप्त मतदान केले. ऑगस्ट २०१५ मध्ये वरच्या मंडळाने हे प्रकरण आपण हाताळणार नाही असे सांगून ते बंद केले. त्या मतपत्रिका मोजल्याच गेल्या नाहीत, आणि विद्यापीठाकडून लाखो डॉलर घेणारा क्वार्टरबॅकसुद्धा आजवर कायद्याने तिथला कर्मचारी ठरलेला नाही.