हिरवा दिवा लागला, पण रोबोटला कळलं का?

आजचा विषय थेट शॉपफ्लोअरवरचा आहे. चाकण, वाळूज, सातपूर अशा एखाद्या एमआयडीसीत तुम्ही काम करत असाल, किंवा डिप्लोमा-बीटेक करून तिकडे जाणार असाल, तर पुढची चार-पाच मिनिटं नक्की ऐका.

रोबोट म्हटलं की आपल्याला तो पिवळा किंवा केशरी हात दिसतो. पण त्याचं डोकं असतं बाजूच्या कपाटात, म्हणजे कंट्रोलरमध्ये. आणि लाइनवर रोबोट एकटा नसतो. कन्व्हेयर, क्लॅम्प, सेन्सर या सगळ्यांचा कारभार पीएलसी बघतो. पीएलसी सांगतो, "पार्ट आलाय, ५ नंबरचा प्रोग्राम चालव." रोबोट सांगतो, "चालू केलं", "झालं", नाहीतर "अडकलोय". हे सगळं बोलणं एका इथरनेट केबलवरून होतं.

आता भाषा कुठली? सीमेन्सचा पीएलसी असेल तर बहुतेक वेळा प्रोफिनेट. अ‍ॅलन-ब्रॅडलीचा असेल तर इथरनेट/आयपी. रोबोटची ओळख सांगणारी फाइल पीएलसीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची. प्रोफिनेटला जीएसडीएमएल, इथरनेट/आयपीला ईडीएस. किती बाइट येणार, किती जाणार, हे दोन्हीकडे जुळवायचं. प्रोफिनेटमध्ये पीएलसी रोबोटला नावाने शोधतो. त्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की जोडणी होत नाही.

सगळं जुळलं की हिरवा दिवा लागतो. आणि मागून आवाज येतो, "झालं ना? मग करा चालू, आज डिस्पॅच आहे!"

थांबा. हिरवा दिवा एवढंच सांगतो की डेटा येतोय-जातोय. त्याचा अर्थ दोघांनी एकच लावलाय, हे तो सांगत नाही.

साधं उदाहरण घ्या. सीमेन्सचा पीएलसी १६ बिटचा आकडा पाठवताना मोठा बाइट आधी ठेवतो. समोरचा कंट्रोलर धाकटा बाइट आधी धरत असेल, तर तुम्ही पाठवलेला ५ त्याला १२८० दिसतो. दिवा मात्र हिरवाच! म्हणून रोबोटकडून नंबर परत मागवायचा, पीएलसीने तो ताडून बघायचा आणि मगच स्टार्ट द्यायचा. फानुकच्या पीएनएस पद्धतीत रोबोट निवडलेला नंबर असा परत पाठवतो. ती सोय आहे, तर वापरा.

दुसरा प्रश्न, केबल तुटली तर? प्रोफिनेटमध्ये साधारण लागोपाठ ३ वेळा डेटा चुकला, की जोडणी गेली असं धरतात. दर ८ मिलिसेकंदांनी डेटा येत असेल, तर २४ मिलिसेकंदांत कळतं. पण कळल्यावर रोबोटने करायचं काय? काही कंट्रोलरमध्ये हे सेटिंगवर असतं. इनपुट शून्य करायचे, की शेवटची स्थिती धरून ठेवायची? शेवटची स्थिती "चालत राहा" अशी असेल, तर काय होईल विचार करा.

लोकलच्या मोटरमनचं हँडल आठवा. हात सुटला की गाडी थांबते. रोबोटचे सिग्नलही तसेच ठेवायचे. फानुकमध्ये होल्डचा सिग्नल १ असेल तरच रोबोट चालतो, ० झाला की थांबतो. म्हणजे केबल तुटून सगळं शून्य झालं, तरी उत्तर येतं "थांब". आपण स्वतः बनवलेल्या सिग्नललाही हाच नियम लावायचा. "माणूस आत आहे = १" असं ठेवू नका. "आत कोणी नाही = १" असं ठेवा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हे साधे बिट म्हणजे सेफ्टी नाही. इमर्जन्सी स्टॉप आणि गेटचा स्विच एकतर दुहेरी वायरिंगने थेट रोबोटच्या सेफ्टी सर्किटला जोडायचा, नाहीतर प्रोफिसेफसारख्या सेफ्टी प्रोटोकॉलवरून न्यायचा. प्रोफिसेफ त्याच केबलवरून जातो, पण प्रत्येक संदेश तपासतो आणि वेळेत आला नाही तर मशीन सुरक्षित स्थितीत नेतो. "आत्तापुरता जंपर टाकू, नंतर काढू" असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. ग्रिपरचे पॅड बदलायला आत जाणारा ऑपरेटरदादा त्या स्विचच्याच भरवशावर आत गेलेला असतो.

लाइन ताब्यात देण्याआधी एक चाचणी करा. सेल बंद, आत कोणी नाही, स्पीड कमी. रोबोट चालू असताना नेटवर्कची केबल काढा. तो थांबला पाहिजे. मग केबल परत लावा. तो आपोआप चालू होता कामा नये. कोणीतरी रिसेट करून, मुद्दाम स्टार्ट दिल्यावरच चालला पाहिजे.

चाचणीला दहा मिनिटं लागतात. डिस्पॅच दहा मिनिटं थांबू शकतो.

तुमच्या लाइनवर ही चाचणी झाली आहे का? उद्या शिफ्टला गेलात की विचारून बघा. भेटू पुढच्या भागात.