वडिलांचे ट्रॅक्टर आणि घसाऱ्याचा हिशेब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शेतीचे यांत्रिकीकरण हा विषय मला देण्यात आला आहे. या विषयावर मी तीस वर्षे वर्गात बोलत आलो. परंतु गेल्या दोन वर्षांत वडिलांच्या गोठ्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला जे उमगले, ते वर्गात कधी शिकवता आले नव्हते. म्हणून आज तेथूनच आरंभ करतो.

आमचे गाव माळशिरस तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या भिजत्या पट्ट्यात आहे. वडील निवर्तले तेव्हा शेडमध्ये दोन ट्रॅक्टर उभे होते. एक इंटरनॅशनल बी-२७५, चार सिलिंडरचा, ३५ अश्वशक्तीचा. जमीन गहाण टाकून त्यांनी तो १९७० साली घेतला. दुसरा १९७८ चा एचएमटी २५११, दोन सिलिंडरचा, २५ अश्वशक्तीचा. पहिल्याचा मूळ आराखडा ब्रिटनमधला. दुसरा पिंजोरच्या सरकारी कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या तंत्रावर बनलेला. शीतयुद्धातले दोन्ही गट आमच्या एका शेडमध्ये सुखाने नांदत होते. पाने मात्र एकमेकांना चालत नसत. एकाचे नटबोल्ट इंचातले, दुसऱ्याचे मिलिमीटरमधले.

माझ्या धाकट्या भावाचे मत असे पडले की दोन्ही भंगारात द्यावेत. भंगारवाला वजनावर भाव सांगूनही गेला. माझे पुस्तकी मत निराळे नव्हते. घसाऱ्याच्या कोणत्याही पद्धतीने हिशेब केला तरी पन्नास वर्षांच्या यंत्राचे मूल्य नगण्यच निघते, आणि मी तो हिशेब भावाला मोठ्या उत्साहाने करूनही दाखविला.

त्या वेळी आमचे नाना मागे उभे होते. नाना म्हणजे वडिलांचे सालगडी. १९७० पूर्वी ते आमच्या बैलांमागे होते. ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले, आणि औतावरच्या तिघांपैकी नाना तेवढे ड्रायव्हर म्हणून राहिले. उरलेल्या दोघांना गाव सोडावे लागले. यांत्रिकीकरणाने रोजगार घटतो की वाढतो या वादावर मी कितीतरी प्रश्नपत्रिका काढल्या, पण त्या दोघांची आठवण मला तेव्हा कधी झाली नाही. असो.

नाना एवढेच म्हणाले, "दादा, बसलंय ते इंजिन. मेलेलं नाही."

बी-२७५ चे इंजिन जाम झाले होते. नानांनी नोझल काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेल ओतले, आठवडाभर तसेच ठेवले, आणि मग फ्लायव्हीलला पहार लावून रोज थोडे थोडे पुढेमागे हलविले. नवव्या दिवशी पिस्टन सुटले. हेड उतरविल्यावर दोन लायनर खराब निघाले. रिंगा, बेअरिंगा, क्लचप्लेट असे एकेक करीत चार महिने गेले. टाकीतला गंज काढायला आम्ही तिच्यात बारीक खडी आणि पाणी घालून ती तासन्‌तास हलवीत बसलो. या वयात मला पहिल्यांदाच तळहातावर फोड आले.

एचएमटीचे सुटे भाग मिळतील अशी मला आशा नव्हती, कारण त्या कारखान्याचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. पण मिळाले. जे मिळाले नाहीत ते तालुक्याच्या लेथवाल्याने करून दिले. कारखाना गेला तरी त्याचे ज्ञान अनेक हातांत पसरून राहिले होते. आजच्या मोठ्या ट्रॅक्टरांविषयी हे म्हणता येत नाही. २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना उत्सर्जनाचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्या इंजिनांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. धूर कमी झाला ही चांगलीच गोष्ट; आमचा बी-२७५ किती काळा धूर ओकतो हे मी रोज पाहतो. परंतु बिघाड शोधण्यासाठी कंपनीचाच माणूस आणि कंपनीचेच उपकरण लागत असेल, तर शेतकऱ्याच्या मालकीला नेमका काय अर्थ उरतो, हा प्रश्न आपल्या शेतीविषयक ठरावांत मला आजवर दिसलेला नाही.

मालकीचा दुसरा प्रश्न मात्र आमच्या घरातलाच होता. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील सरासरी धारणा १.०८ हेक्टर होती. एवढ्या रानावर ट्रॅक्टर परवडत नाही; तो दुसऱ्यांच्या नांगरटीवरच पोसला जातो. वडिलांच्या वह्या चाळल्या तेव्हा दिसले की त्यांचे ट्रॅक्टरही निम्म्याहून अधिक दिवस गावाच्या रानात चालले होते. भाडे वडिलांचे, गाडीवर नाना. पाडव्याला ठरलेल्या साल-रकमेत रात्र-रात्र केलेली दुरुस्ती कधी धरलीच गेली नाही. घसाऱ्याचे माझे सूत्र ज्या यंत्राला केव्हाच मारून बसले होते, ते नानांच्या या बिनमोल श्रमावर जिवंत होते.

वारसाच्या नावे वाहन करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. तो भरताना मी नानांना म्हणालो, "नाना, एचएमटी तुमच्या नावावर करू या." माझी कल्पना अशी की त्यांना आनंद होईल.

नानांनी हात पुसले आणि म्हणाले, "नावावर नको, दादा. नाव झालं की विमा माझा, टायर माझं, आन्‌ बंद पडला तर खोटबी माझीच. त्यापरीस भाड्यात अर्धा वाटा लिहून द्या. आन्‌ मागल्या सालांचं काय ते बगा."

दान देण्याच्या तयारीत असलेला मी देणेकरी ठरलो. वाटा लिहून दिला. मागल्या सालांचा हिशेब वह्यांवरून मांडला. रक्कम दोन्ही ट्रॅक्टरांच्या आजच्या किमतीहून अधिक भरते. भाऊ म्हणतो, वडिलांनी ठरलेले सर्व चुकते केले होते, आता देणे कसले? कायद्याने त्याचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. पाडव्यापूर्वी निर्णय करायचा आहे. हिशेबाचा कागद मी बरोबर आणला आहे; दुरुस्तीच्या रात्री कोणत्या दराने धराव्यात याविषयी आपणांपैकी शेतमजुरांत काम करणाऱ्यांचे मत मला हवे आहे.